२.१५ मेगाहर्ट्झ : बाहेरच्या घड्याळावर चालणाऱ्या एका रेग्युलेटरचा अनुभव

मोहरीच्या टपोऱ्या दाण्याएवढी चिप आहे ही. दोन मिलिमीटर लांब, दोन मिलिमीटर रुंद. नाव टीपीएस६२९१३, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची. तीन ते सतरा व्होल्ट घेते आणि ०.८ ते ५.५ व्होल्टपर्यंत हवा तो स्थिर दाब देते, तीन अँपिअरपर्यंत. असे रेग्युलेटर बाजारात ढिगाने आहेत. मी हा घेतला तो एका गुणासाठी: त्याला आपलं घड्याळ, म्हणजे ठरावीक वेगाने येणारे विजेचे ठोके, देता येतं. आपण सांगू त्या ठोक्यावर तो चालतो. या एका गोष्टीने माझ्या रेडिओचं काय झालं, ते सगळं लिहिते. बॅटरीवर चालणारा रिसिव्हर बांधणाऱ्यांना माझे चार महिने वाचवता आले तर बरं वाटेल.

आधी गरज कुठून आली ते. मी श्रीवर्धनला राहते, कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते आणि हॅम म्हणजे हौशी रेडिओचा परवाना आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आलं. वाड्यांतल्या पोफळी आणि माड आडवे झाले, खांब पडले, वीज गेली, मागोमाग मोबाइल गेले. आमच्या आळीत वीज परत यायला बरेच दिवस लागले. घरात १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची एक सीलबंद बॅटरी होती आणि तिच्यावर माझा जुना सेट किती वेळ चालेल याचा हिशेब मी दिवसातून दहा वेळा करत होते. तेव्हाच ठरवलं, की कमी विजेत जास्त वेळ ऐकू शकेल असा रिसिव्हर स्वतः बांधायचा.

हिशेब सोपा आहे. नव्या सेटला ३.३ व्होल्टवर साधारण ३०० मिलिअँपिअर लागतात, म्हणजे एक वॉट. साधा लिनियर रेग्युलेटर लावला तर बॅटरीतूनही तेच ३०० मिलिअँपिअर जातात आणि वरचे ८.७ व्होल्ट नुसते तापण्यात खर्च होतात. एक वॉट कामाला, २.६ वॉट हवेत. बॅटरी कागदावर २३ तास पुरते, प्रत्यक्षात त्याहून कमी. म्हणून स्विचिंग रेग्युलेटर हवा. तो दाब जाळून कमी करत नाही, झडप उघडझाप करून कमी करतो, सेकंदाला लाखो वेळा.

आणि रेडिओवाल्याची खरी अडचण तिथेच सुरू होते. लाखो वेळा उघडझाप करणारी कुठलीही गोष्ट स्वतःच एक छोटा ट्रान्समीटर असते.

पहिल्यांदा मी ऑनलाइन एका विक्रेत्याकडून नेहमीचं स्वस्त मॉड्यूल मागवलं होतं, १५० किलोहर्ट्झवर चालणारं. चालू केलं, हेडफोन लावला आणि ४० मीटरच्या बँडवर, म्हणजे हॅमसाठी असलेल्या वारंवारतांच्या एका पट्ट्यावर, गेले. आपल्याकडे हा बँड ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ. सकाळी सगळ्यात जास्त गप्पा इथेच ऐकू येतात. तिथे एक शिट्टी बसली होती. नुसती शिट्टी असती तर सोडून दिली असती. ही हलत होती. सेट गार असताना एका जागी, दहा मिनिटांनी दुसऱ्या जागी, खिडकीतून वारा आला की तिसऱ्या जागी. जिथे कोणी हळू आवाजात बोलत असेल तिथे ती येऊन बसायची.

वहीवर मांडल्यावर कारण कळलं. १५० किलोहर्ट्झची उघडझाप म्हणजे १५०, ३००, ४५०, ६०० अशा प्रत्येक पटीत आवाज. सत्तेचाळिसावी पट ७.०५ मेगाहर्ट्झ. बँडची रुंदी २०० किलोहर्ट्झ आणि आवाजांमधलं अंतर १५०, म्हणजे कुठलीही अचूकता आणली तरी बँडमध्ये किमान एक आवाज असणारच. हे मॉड्यूल वाईट आहे म्हणून नाही, आकडेच तसे आहेत. एलईडीची पट्टी लावायला ते उत्तम. रेडिओत नको.

मग वारंवारता वाढवायची. दोन आवाजांमधलं अंतर मोठं झालं तर बँड त्या फटीत बसवता येतात. टीपीएस६२९१३ मूळचा १ किंवा २.२ मेगाहर्ट्झवर चालतो. १ मेगाहर्ट्झ ऐकायला गोल वाटतो, पण आमच्यासाठी तो सगळ्यात वाईट आकडा आहे: ७, १४, २१, २८. ४०, २०, १५ आणि १० मीटरचे बँड जिथे सुरू होतात बरोबर तिथे, आणि बँडच्या सुरुवातीला मोर्स चालतं. सर्वात क्षीण संदेश तिथेच ऐकायचे असतात.

२.२ मेगाहर्ट्झ बरा. त्याच्या पटी ६.६, ८.८, ११, १३.२, १५.४ अशा जातात, ४० आणि २० मीटर दोन्ही सुटतात. अडतो फक्त १० मीटरला, कारण तेरावी पट २८.६ वर येते आणि तो बँड २८ ते २९.७, चांगला १.७ मेगाहर्ट्झ रुंद.

एका रविवारी दुपारी मी कागद घेऊन बसले आणि २.१ पासून २.३ पर्यंत पाच-पाच किलोहर्ट्झने सगळ्या पटी मांडल्या. २.१५ ला आले आणि पेन्सिल खाली ठेवली. पटी बघा: ४.३, ६.४५, ८.६, १०.७५, १२.९, १५.०५, १७.२, १९.३५, २१.५, २३.६५, २५.८, २७.९५, ३०.१. शॉर्टवेव्हवरचा आपला एकही बँड यात सापडत नाही. १५ मीटरचा बँड २१.४५ ला संपतो, आवाज २१.५ वर. १० मीटरचा २८ ला सुरू होतो, आवाज २७.९५ वर, आणि पुढचा ३०.१ म्हणजे बँडच्या पलीकडे. दोन्ही कडांना ५० किलोहर्ट्झची फट. इतक्या साध्या भागाकारातून इतकी स्वच्छ जागा निघेल असं मला वाटलं नव्हतं.

पण ही जागा अरुंद आहे. आकडा २.१४५ च्या खाली गेला की दहावी पट १५ मीटरमध्ये शिरते. २.१५३८ च्या वर गेला की तेरावी पट १० मीटरमध्ये. म्हणजे दोन्ही बाजूंना साधारण ०.२ टक्के. चिपच्या आतला स्वतःचा आंदोलक, म्हणजे ठोके तयार करणारा भाग, इतका काटेकोर नसतो. तो सिलिकॉनवरच्या रोध आणि धारित्रावर चालतो, आणि चिप बदलली, तापमान बदललं, की त्याची चाल काही टक्क्यांनी इकडेतिकडे होते. त्याच्या कामाला तेवढं पुरतं. दाब स्थिर ठेवायला ठोका अचूक लागत नाही, लागतो आपल्याला. म्हणून बाहेरचं घड्याळ.

घड्याळ माझ्याकडे आधीच होतं. रिसिव्हरची वारंवारता ठरवायला मी एसआय५३५१ ही चिप वापरते, बहुतेक हॅम तीच वापरतात. एका २५ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवरून ती तीन वेगवेगळी घड्याळं देते. दोन रिसिव्हरला लागतात, तिसरं मोकळं होतं. आतला एक पीएलएल (क्रिस्टलची वारंवारता गुणून वाढवणारं मंडल) ८६० मेगाहर्ट्झवर ठेवायचा, म्हणजे २५ गुणिले ३४.४, आणि त्याला ४०० ने भागायचं. बरोबर २.१५. क्रिस्टल ३० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत तीस, एवढं चुकलं तरी २७.९५ वरचा आवाज एक किलोहर्ट्झसुद्धा सरकत नाही. ५० ची फट असताना ही चिंता संपली.

आत काय होतं ते थोडं सांगते, कारण ‘सिंक’ (घड्याळ जुळवणं) हा शब्द डेटाशीटमध्ये, म्हणजे चिपच्या माहितीपत्रकात, एका ओळीत उरकलेला असतो. घड्याळ जुळवायच्या दोन मुख्य रीती आहेत. एकीत बाहेरचा प्रत्येक ठोका थेट आतल्या आंदोलकाला ‘पुन्हा सुरू कर’ सांगतो. सोपी रीत, जागा कमी लागते, पण बाहेरच्या तारेवर एखादा खोटा ठोका आला तर तोही आत जातो. दुसरीत आतला आंदोलक स्वतःच चालतो, आणि एक छोटं अंकीय मंडल दर फेरीला बघतं की आपली कड आधी आली की बाहेरची. आधी आली तर एक गणक एकाने कमी, नंतर आली तर एकाने जास्त. त्या गणकातल्या आकड्यानुसार आंदोलकाला बारीक बारीक धारित्रं जोडली किंवा तोडली जातात. काही फेऱ्यांत दोघांची चाल एक होते. ही रीत शांत आहे, आणि घड्याळ मध्येच बंद पडलं तरी आंदोलक शेवटच्या आकड्यावर चालत राहू शकतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे आरतीच्या टाळ्यांनी समजावते. घंटा ऐकून आपली टाळी पुढे पडली की मागे, एवढंच प्रत्येकजण बघतो आणि थोड्या वेळात सगळं घर एका तालात येतं.

मोठ्या चिपमध्ये तर हे जुळवणं म्हणजे जीव आहे. इंटेलने २०१३ मध्ये हॅसवेल प्रोसेसरमध्ये रेग्युलेटर चिपच्याच आत नेले, ते १४० मेगाहर्ट्झवर चालतात आणि त्यांचे अनेक सारखे भाग (फेज) एकाच घड्याळावर ठरावीक अंतराने एकामागून एक उघडतात. सगळे एकदम उघडले असते तर प्रत्येक ठोक्याला विजेला हिसका बसला असता. माझ्या टेबलावरचा प्रश्न त्या मानाने लहान, तत्त्व तेच.

आता बांधणीतल्या अडचणी. चार महिने इथेच गेले.

चिप हाताने चिकटवता येत नाही. पायच नाहीत, पोटाखाली पॅड आहेत, अर्धा मिलिमीटर अंतरावर. पुण्यातल्या भाच्याने पीसीबी (सर्किट बोर्ड) बनवून घेतला, स्टेन्सिलने पेस्ट लावली आणि हॉट एअरने बसवून दिली. “आत्या, इनपुटचा कपॅसिटर चिपला चिकटूनच ठेवलाय, तू हलवायला सांगू नकोस,” असं त्याने पार्सलमध्ये चिठ्ठी टाकून कळवलं. त्याचं बरोबर होतं. स्विचिंग रेग्युलेटरमधला जोरकस प्रवाह त्या कपॅसिटरमधून फिरतो, आणि तो फेरा जितका लहान तितका आवाज कमी. ज्यांच्याकडे असा भाचा नाही त्यांनी चिप बसवलेला तयार इव्हॅल्युएशन (चाचणी) बोर्ड घ्यावा. महाग पडतो, पण नकाशा विचार करून आखलेला असतो.

दुसरी अडचण क्रमाची. एसआय५३५१ वीज गेली की सगळं विसरते, तिला दर वेळी मायक्रोकंट्रोलरने आकडे भरून द्यावे लागतात. मायक्रोकंट्रोलरला वीज लागते. तीच वीज या रेग्युलेटरने द्यायची असेल तर घड्याळाआधी रेग्युलेटर आणि रेग्युलेटरआधी घड्याळ असा पेच पडतो. मी दोघांची वीज वेगळी केली. रास्पबेरी पाय पिको (माझा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) आणि एसआय५३५१ मिळून ६० मिलिअँपिअर, त्यांना एक छोटा लिनियर रेग्युलेटर. बाकीचे २४० मिलिअँपिअर, म्हणजे स्पीकर, डिस्प्ले, रेडिओचे टप्पे, टीपीएस६२९१३ वर. पिको आधी जागा होतो, घड्याळ सुरू करतो, आणि मग रेग्युलेटरच्या एनेबल (चालू-बंद) पिनला हो म्हणतो. कार्यक्षमता साधारण ८५ टक्के धरली तर बॅटरीतून एकूण १३८ मिलिअँपिअरच्या आसपास जातात. २३ तासांचे कागदावर ५० झाले. सगळंच स्विचिंगवर टाकलं असतं तर याहून वाढले असते, पण मला हा क्रम जास्त मोलाचा वाटला.

तिसरी माझी चूक. घड्याळ रेग्युलेटरपर्यंत न्यायला मी सुरुवातीला वीतभर जंपर वायर वापरली. चालू केलं आणि २१.५ वरचा आवाज आधीपेक्षा वाढला! रेग्युलेटर शांत होता, तार ओरडत होती. एसआय५३५१ च्या ठोक्याच्या कडा फार तीक्ष्ण असतात, आणि वीतभर तार त्या कडांसाठी अँटेनाच. मग एसआय५३५१ ची ड्राइव्ह (ठोक्याचा जोर) सगळ्यात कमी, २ मिलिअँपिअरवर आणली, त्याच चिपच्या तोंडाशी १०० ओमचा रोध घातला आणि तार दोन सेंटिमीटरची केली, खाली ग्राउंड ठेवून. आवाज बसला. घड्याळ जोडणाऱ्या प्रत्येकाने हे पहिल्या दिवशी करावं.

आणि चौथी, जिने मला सर्वात जास्त छळलं. हे सगळं झाल्यावरही ४० मीटरवर एक गुरगुर होती. क्षीण, पण हलणारी. मी पंधरा दिवस टीपीएस६२९१३ वर संशय घेतला, त्याचा कॉइल बदलला, डबा बदलला. शेवटी एका रात्री पिकोचं डेटाशीट परत वाचलं. पिकोच्या बोर्डवर स्वतःचा एक स्विचिंग रेग्युलेटर आहे! हलक्या भाराला तो वीज वाचवायला मधूनमधूनच उघडझाप करतो, म्हणून त्याच्या आवाजाला ठरावीक जागाच नाही. जीपीआयओ २३ ही पिन चालू ठेवली तर तो अखंड चालतो आणि आउटपुटवरची लहर कमी होते, हेही तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे. माझ्या कामाला त्याहून चांगला उपाय म्हणजे त्याला झोपवणं. ३व्ही३_ईएन पिन ग्राउंडला जोडली आणि माझ्या लिनियर रेग्युलेटरचे ३.३ व्होल्ट थेट ३व्ही३ पिनला दिले. गुरगुर गेली. मला त्या क्षणी जी शांतता ऐकू आली ती मी विसरणार नाही. बँडवर फक्त बँड होता.

इथे पिको आणि पिको २ यांतला एक फरक सांगायला हवा. पहिल्या पिकोमधली आरपी२०४० चिप आपल्या गाभ्याचे १.१ व्होल्ट आतल्या लिनियर रेग्युलेटरने बनवते. वीज थोडी वाया जाते, पण आवाज नाही. पिको २ मधल्या आरपी२३५० ने ते काम चिपमधल्या स्विचिंग रेग्युलेटरला दिलं आहे. तो किती नाजूक मामला आहे ते त्यांच्याच हार्डवेअर मार्गदर्शिकेत दिसतं. बाहेरचा ३.३ मायक्रोहेन्रीचा कॉइल कुठल्या दिशेने बसवायचा हेही ठरलेलं आहे, कारण उलटा बसवला तर त्याचं चुंबकीय क्षेत्र शेजारच्या आउटपुट कपॅसिटरला त्रास देतं. त्यासाठी दिशेची खूण असलेला कॉइल खास बनवून घेतला गेला. या रेग्युलेटरसाठी चिपला पाच पिना आहेत, आणि त्यांतली एकही बाहेरच्या घड्याळासाठी नाही. वेगासाठी, मेमरीसाठी पिको २ घ्या, मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत आनंदाने वापरते. शॉर्टवेव्हच्या रिसिव्हरमध्ये मात्र मी पहिलाच ठेवला आहे.

टीपीएस६२९१३ च्या बाकीच्या गोष्टी. आउटपुटवर फेराइट बीड (वेगवान लहरी अडवणारा छोटा मणी) आणि कपॅसिटरचा दुसरा गाळणीचा टप्पा लावता येतो, आणि नियंत्रणाचं गणित तो टप्पा धरूनच केलेलं आहे. त्या हिशेबाने न बनवलेल्या रेग्युलेटरला अशी गाळणी मागून जोडली तर तो डोलायला लागण्याची भीती असते. इथे ती नाही. १०० हर्ट्झ ते १०० किलोहर्ट्झमधला आवाज २० मायक्रोव्होल्टच्या खाली सांगितला आहे. माझ्याकडे तो मोजायचं यंत्र नाही, पण ऑडिओच्या टप्प्याला मी यानंतर वेगळा लिनियर रेग्युलेटर लावलेला नाही आणि हेडफोनमध्ये त्याची उणीव भासलेली नाही. १ मेगाहर्ट्झपेक्षा २.१५ वर चिप थोडी जास्त कोमट लागते. प्रत्येक उघडझापेला थोडी ऊर्जा जातेच, त्यामुळे हे अपेक्षित होतं.

स्प्रेड स्पेक्ट्रमची सोय आहे, ती रेडिओत वापरू नका. त्यात ठोका मुद्दाम थोडा मागेपुढे केला जातो, म्हणजे एका जागचा उंच आवाज रुंद पसरून बुटका होतो. प्रयोगशाळेच्या चाचणीत आकडा सुधारतो. आमच्यासाठी मात्र कुंपणापलीकडे बांधून ठेवलेला बैल सोडून सगळ्या शेतात फिरवल्यासारखं आहे. मला आवाज एका जागी हवा आहे, त्या जागेवर मी ऐकत नाही.

५० मेगाहर्ट्झवर ऐकणाऱ्यांनी मात्र वेगळा आकडा शोधावा, २.१५ ची चोविसावी पट ५१.६ वर येते. कागद, पेन्सिल आणि एक दुपार पुरते.

किंमत स्वस्त मॉड्यूलच्या कित्येक पट, वर पीसीबी आणि हॉट एअरचा खर्च. मोबाइल चार्ज करायला, दिवे लावायला हा घेऊ नका, पैसे फुकट जातील. ज्यांच्याकडे रिसिव्हर, सूक्ष्म संकेत मोजणारं काही किंवा चांगला ऑडिओ आहे आणि बॅटरीही वाचवायची आहे, त्यांनी नक्की घ्यावा. घेताना तो बाहेरचं घड्याळ घेतो याचा उपयोग करा. तसाच सोडला तर पाचपैकी साडेतीन गुण. २.१५ च्या घड्याळावर पाच.

सेट आता माजघरात कोनाड्यात आहे, शेजारी तीच ७ अँपिअर-तासाची बॅटरी. डायपोल अँटेनाच्या तारेचं एक टोक टाकीच्या खांबाला आणि दुसरं नव्या माडाला बांधलं आहे, जुना निसर्गमध्ये गेला. माड अजून लहान आहे, म्हणून अँटेना एका बाजूला तिरकी उतरते. आज सकाळी ७.१ च्या आसपास कोणीतरी अगदी हळू बोलत होतं. मी पूर्ण बोलणं ऐकलं, एकदाही नॉब हलवावा लागला नाही.